आमच्या घरात अजून २००९ साल आहे

आमचा संगणक स्वभावाने तसा गरीब. सुरू व्हायला सात मिनिटं घेतो. तेवढ्यात माझे दात घासून होतात, त्यामुळे कधी तक्रार नव्हती. हार्ड डिस्क फिरायला लागली की पत्र्यावर उंदीर धावल्यासारखा आवाज येतो, तोही आता घरातलाच वाटतो.

मग एक दिवस पडद्यावर सूचना आली की संगणक चालवणारी ही प्रणाली आता म्हातारी झाली, यापुढे सुरक्षेचे अपडेट मिळायचे नाहीत. नव्या आवृत्तीच्या अटी वाचल्या. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप हवी! आमच्याकडे चिप सोडाच, डब्याचे दोन स्क्रूही गायब आहेत.

भाच्याला फोन लावला. "मामा, लिनक्स टाक. सोप्पंय. आयएसओ उतरव, पेन ड्राइव्हवर घे, बूट कर." आयएसओ म्हणजे अख्खी प्रणाली भरलेली एकच फाइल, आणि बूट म्हणजे तिच्यावरून संगणक सुरू करणं. हे लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी दुसरी एक प्रणाली, १९९१ साली लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने छंद म्हणून सुरू केलं म्हणे. आमच्या छंदांनी फक्त माळा भरला.

पहिल्याच पायरीवर घोडं अडलं. कुठलीही साइट उघडा, 'हे सुरक्षित नाही' म्हणून दार बंद. मी राउटर तीनदा बंद-चालू केला, चौथ्यांदा त्याच्यावर ओरडलो. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, कोपऱ्यातली तारीख बघितलीस का?"

१ जानेवारी २००९.

साइटची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं हल्लीची. आमच्या संगणकाच्या मते ती अजून जन्मालाच यायची होती, मग त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार? तारीख दुरुस्त केली. वीज गेली आणि स्वारी पुन्हा २००९ मध्ये. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेला होता. सीआर२०३२, ३ व्होल्टचा. त्या आकड्यातच त्याचं माप असतं, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. हे ज्ञान मला सेल सोफ्याखाली घरंगळल्यावर, त्याला शोधताना मिळालं.

पुढचं थोडक्यात सांगतो. १६ जीबीचा पेन ड्राइव्ह कोरा करकरीत, तरी म्हणे फाइल मावत नाही. ड्राइव्हवर फाइली साठवायच्या फॅट३२ पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाइल राहतच नाही. तो तिढा सोडवून फाइल चढवली, तर भाचा म्हणतो, "अरे, नुसती कॉपी नाही करायची! वेगळ्या प्रोग्रॅमने लिहायची."

मग बूट मेनू, म्हणजे संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडायची यादी. एफ२ की एफ१२, डिलीट की एस्केप? हे प्रत्येक कंपनीचं निराळं, आणि वेळ मिळतो तो लोगो चमकेपर्यंत. मी पेटीवाल्यासारखी दोन्ही हातांनी सगळी बटणं वाजवली. सहाव्या खेपेला सूर लागला. बायको दारातून म्हणाली, "एवढा रियाज गाण्याचा केला असतात तर..."

इन्स्टॉलेशनची पट्टी ७८ टक्क्यांवर पोचली आणि तिथेच ध्यानाला बसली. हात लावायची सोय नाही, बंद करायची तर मुळीच नाही. मी समोर खुर्ची टाकून बसलो. अर्ध्या तासाने ७९ झाले, तेव्हा मला भरून आलं.

आता सगळं झकास चाललंय. तारीख बरोबर, अपडेट वेळेवर, उंदीरही जरा दमाने धावतात. फक्त संगणक दीड मिनिटात सुरू होतो आणि पासवर्ड मागतो. आणि मी तोंडात ब्रश धरून त्याच्यासमोर उभा असतो.