तिसरा आवाज

जुन्या पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मी स्वतः बदलला, हे सांगताना खरे तर माझी छाती फुगायला हवी. प्रत्यक्षात ती अजून दुखते आहे, कारण तोच गिअरबॉक्स मला एकाच दिवसात दोनदा चढवावा लागला आणि दुसरी खेप पडली ती एका काठीमुळे. काठी माझी नव्हती.

मागचा गिअर टाकला की इंजिनाने डरकाळी फोडायची आणि गाडीने जागचे हलायचे नाही, असे काही दिवस चालले होते. चेंबर उघडला तेव्हा लालभडक असायला हवे होते ते तेल काळपट निघाले, त्याला करपल्याचा वास येत होता आणि तळाच्या चुंबकावर राखाडी चिखल साचला होता. मग दुरुस्त केलेला दुसरा गिअरबॉक्स आणला, गाडी घोड्यांवर चढवली आणि प्रोपेलर शाफ्ट, कूलरचे पाइप, आधाराची आडवी पट्टी असे एकेक उतरवत गेलो. इंजिनाला जोडणारे खालचे बोल्ट भल्या माणसांसारखे निघाले. वरचे दोन मात्र अशा जागी होते की तिथे पाना जातो तेव्हा हात जात नाही आणि हात जातो तेव्हा नजर जात नाही. शेवटी गिअरबॉक्सची शेपटी खाली झुकवून, एकावर एक एक्स्टेन्शन जोडून, हातभर लांबीच्या त्या दांडीने मागून चाचपडत ते सोडवावे लागले. ज्याने ती जागा आखली त्याला आयुष्यात एकदा तरी तो बोल्ट सोडवायला लावावे, ही माझी जुनी मागणी आहे.

शेजारचे काका आले ते या सुमारास. काकांचे प्रत्येक वाक्य काठीच्या ठोक्याने संपते, जणू पूर्णविराम ते जमिनीवरच देतात. मी गाडीखाली असल्यामुळे मला त्यांच्या चपला, अंगठ्याचे वाढलेले नख आणि काठीचे रबर झिजलेले टोक एवढेच दिसत होते.

"हा ऑटोमॅटिक आहे ना?" ठक.

"हो."

"मग बसवायला इतका त्रास का?" ठक.

यावर काय बोलणार? जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबाइलसाठी हायड्रा-मॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला, तेव्हा चालकाची क्लचच्या पायडलपासून सुटका झाली. बसवणाऱ्याची सुटका करण्याचे कोणी कबूल केले नव्हते. हे मी काकांना सांगितलेही, पण तोवर रस्त्याने जाणारे एक गृहस्थ थांबले होते.

"खाली कोण आहे?"

"आपले हेच. सकाळपासून आहेत." ठक.

"बाहेर येतील का?"

"बघू या."

मी शुद्धीवर होतो, दीड हातावर होतो आणि मला सगळे ऐकू येत होते. गाडीखालून माणसाचे पाय दिसले की येणाराजाणारा थांबतो, निदान करतो आणि आपल्या मेहुण्याच्या गाडीची कथा सांगतो; जवळच पडलेला सॉकेट उचलून हातात द्यावा, असे मात्र एकालाही वाटत नाही. हे मी गमतीने लिहीत नाही.

असो. नवा गिअरबॉक्स वर नेण्यापूर्वी त्याच्या तोंडात टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा भाग, बसवायचा असतो. या भल्यामोठ्या लोखंडी भोपळ्याला आत तीन ठिकाणी घर सापडावे लागते: स्टेटरच्या खाचा, इनपुट शाफ्टच्या खाचा आणि सर्वांत शेवटी पंपाच्या खोबणी. तो हळूहळू फिरवत दाबत राहिले की दर वेळी 'खट' असा आवाज होऊन तो थोडा आत उतरतो. मी डोळे मिटून फिरवत होतो आणि मोठ्याने मोजत होतो.

खट. "एक."

खट. "दोन."

"यात तेल किती मावते हो?" ठक.

"तीन!" मी म्हणालो आणि समाधानाने कपाळ पुसले. तेलकट हाताने.

पुढचे दोन तास मी सांगत नाही. तेल नसतानाही सत्तरेक किलो भरणारा तो ऐवज जॅकवर तोलत इंजिनापर्यंत नेला आणि शेवटच्या बोटभर अंतरावर तो अडला. काकांचा सल्ला तयारच होता. "बोल्ट आवळा. आपोआप ओढला जाईल." ठक. नेमक्या याच सल्ल्याने पंप फुटतात, हे मला माहीत होते. तरीही एक बोल्ट मी दोन फेरे आवळला होता, हे कबूल करतो. फटीतून बोट घालून पाहिले तर कन्व्हर्टर इंजिनाच्या टोकाच्या चकतीला, म्हणजे फ्लेक्सप्लेटला, टेकलेला, फिरायचे नाव घेईना. नीट बसला असता तर दोन्ही भाग बोल्ट न आवळताच तोंडाला तोंड लावून भिडले असते आणि कन्व्हर्टर मोकळा फिरून त्याच्यापुढे थोडी फट उरली असती.

सगळे पुन्हा खाली. पुन्हा फिरवणे, दाबणे, फिरवणे. काका या वेळी काठी बोनेटला टेकवून हाताची घडी घालून उभे होते. बऱ्याच वेळाने जाडसर, खोल असा 'खट' झाला आणि कन्व्हर्टर बोटभर आत गेला.

"हा गाडीचाच," काका म्हणाले. "मघाचा तिसरा माझ्या काठीचा होता."

मी त्यांच्याकडे पाहिले. "काका, मग तेव्हाच का नाही सांगितलेत?"

"तुम्ही इतक्या खात्रीने 'तीन' म्हणालात," त्यांनी काठी उचलत सांगितले, "मला वाटले, माझीही धरतात की काय." ठक.