भरतीच्या पोरांना आठवड्यातून एक दिवस तरी सुट्टी द्या

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी फिजिओथेरपीसाठी माझ्याकडे सतत येतात. तक्रार ठरलेली, नडगी दुखते. सुट्टी कधी घेतोस असं विचारलं की उत्तरही ठरलेलं: "सर म्हणतात, एक दिवस ग्राउंड चुकलं की आठवडा मागे पडतो." हे साफ चुकीचं आहे, आणि त्याची किंमत पोरं मोजतायत.

मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. त्यासाठी पहाटे आणि संध्याकाळी, सातही दिवस डांबरी रस्त्यावर पळायचं, रात्री अभ्यासिकेत जागायचं आणि मेसच्या पातळ वरणावर भागवायचं!

पळण्याचा ताण पडला की शरीर आधी त्या जागचं जुनं हाड काढून टाकतं, मग नवीन भरतं. काढणं लवकर उरकतं, भरायला महिने लागतात. मधल्या काळात हाड कच्चं असतं. आणि नेमकी तेव्हाच भरतीची जाहिरात निघते, राउंड दुप्पट होतात. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने कूच करून पाय सुजलेल्या सैनिकांची नोंद केली होती. ती हाडाला गेलेली चीर होती, हे पुढे एक्स-रे आल्यावर कळलं. इतकी जुनी गोष्ट आहे ही.

टायमिंग घसरलं की ॲकॅडमीत आणखी राउंड वाढवतात. अहो, झोप उडालीय, भूक मेलीय, पोरगं विनाकारण चिडतंय, उठल्या उठल्या नाडी जलद लागतेय, तर त्याला आधी थांबवा. वेळेवर थांबवलं तर काही दिवसांत टायमिंग परत येतं. तसंच रेटलं तर महिनोन्‌महिने येत नाही.

आपल्या तालमींना हे कधीच ठाऊक होतं. सकाळचा जोर झाला की मालिश, खुराक आणि दुपारची झोप. पैलवान दुपारी झोपला म्हणून वस्ताद त्याला आळशी म्हणत नाहीत.

मुलींचं तर कुणी विचारतच नाही. पाळी बंद झाली की "बरं झालं, प्रॅक्टिस चुकत नाही" असं मुलीच सांगतात. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की असं होतं, आणि त्यात हाडं ठिसूळ होतात. पोरी लाजतात, तेव्हा घरातल्या बाईमाणसाने स्वतःहून विचारावं आणि डॉक्टरकडे न्यावं.

एक गोष्ट घरीही बघता येते. नडगीवरून बोट फिरवा. लांबवर ठणकत असेल तर बहुधा स्नायूंच्या बाजूची सूज असते. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागी दाबल्यावर पोरगं कळवळलं, तर पळणं त्याच दिवशी बंद करून हाडांच्या डॉक्टरला दाखवा. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. रिपोर्ट नॉर्मल आला तरी दुखणं राहिलं असेल, तर कुणी कितीही सांगो, पोराला ग्राउंडवर पाठवू नका.