कुणाचा रं तू?

आज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातला एकजण म्हणाला, "तुमच्या गावाकडच्या लोकांना दुसरे उद्योग नसतात का रे? मी गाडी थांबवून पत्ता विचारतोय, तर म्हातारा मलाच विचारतो, कुणाचं म्हणायचं तुम्ही?" सगळे हसले. मीपण हसलो. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि डोकं फिरलंय.

अरे बाबा, तोही पत्ताच विचारत होता. आमच्या आटपाडीत माणसाचा पत्ता म्हणजे त्याच्या बापाचं नाव.

1997 साली मी सांगलीला होस्टेलवर होतो. आई पहाटे भाकरी थापायची, दादा डबा स्टँडवर नेऊन सांगली गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचे. भिवघाट, विटा, तासगाव करत डबा यायचा. फडक्यात बांधलेला, आणि फडक्याच्या गाठीत कधीमधी दहाची नोट. पावती नाही, काही नाही. नियमात बसत नव्हतं, माहितीये. गप्प बसा.

एका शनिवारी मी पिक्चरला गेलो आणि डबा घ्यायला गेलोच नाही. कंडक्टरनं तो तसाच परत नेला. बरं, गुमान घरी द्यावा ना! बाजाराचा दिवस. संध्याकाळपर्यंत मेंढरं विकायला आलेल्या माणसांनासुद्धा कळलं की अमक्याचं पोरगं सांगलीत डबा सोडून हिंडतंय. दादांनी पुढच्या खेपेला चांगलंच झापलं. मला त्या कंडक्टरचा अजून राग येतो.

पण चौकशा करतात म्हणून हसायचं? आमच्या आणि खानापूर तालुक्यातली किती पोरं गलाईच्या धंद्यात, सोनंचांदी आटवत पार केरळ-तमिळनाडूपर्यंत पांगलीत. दिवाळीला येतात तेव्हा मिशा फुटलेल्या असतात. म्हाताऱ्यानं ओळखायचं कसं? विचारणारच की!

आणि हेच लोक कुठं विचारत नाहीत ते पण ऐका. गावाजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानानं 1939 साली कैद्यांसाठी वसवलेली खुली वसाहत. भिंत नाही, खुनाच्या गुन्ह्यातली माणसं बायकापोरांसकट शेती करून राहायची. आमची आज्जी त्यांच्याकडची वांगी आणायची. गाव कुठलं, पोरं किती, सगळं विचारायची. काय केलंस म्हणून आत गेलास, हे तिनं कधी विचारलं नाही.

बरं, आक्काला स्टँडवर वर्गातल्या पोराशी बोलताना कुणीतरी बघितलं आणि तिचं कॉलेज सुटलं. तेही ह्याच गावात. खरं आहे.

त्याच वर्षी पावसाळ्यात मला ताप भरला. दोन दिवस डबा परत गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर होस्टेलच्या दारात खाकीतला तोच कंडक्टर, काखेत डबा. गाडी सुटायला अर्धा तास होता म्हणे. कपाळाला हात लावला, रेक्टरला चार शब्द सुनावले आणि मी अर्धी भाकरी खाईपर्यंत खाटेच्या कडेला बसून राहिला. जाताना म्हणाला, "घरी सांगत नाय मी. आय उगं घोर लावून घेईल."

संध्याकाळी गावभर झालं होतंच म्हणा. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आई हजर.

आक्के, तू खाली कॉमेंट करणार आहेस, मला माहितीये. कर.