कूलंट जातंय तरी कुठे?

परत तेच! सकाळी बॉनेट उघडलं आणि बाटलीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, मिनिममच्या रेघेखाली. आठ दिवसांत अर्धा लिटर गायब, आणि खाली फरशीवर एक थेंब नाही. अठरा वर्षांची फोर बाय फोर गाडी आहे, मान्य. म्हणून काय हवेत विरतं का ते?

तर हो, विरतं, हीच तर चीड आहे. तापलेल्या इंजिनावर पडलेला थेंब जमिनीवर पोचायच्या आत वाफ होतो. मागे उरतो पांढरट-हिरवा खार, तोही हात न पोचणाऱ्या जागी. बसा मग टॉर्च आणि आरसा घेऊन.

होज बदलले, क्लिपा आवळल्या, रेडिएटरचं झाकण नवं घातलं. गॅरेजवाला म्हणतो, "पाणी टाकत राहा साहेब." अरे, टाकत राहा म्हणजे? नुसत्या पाण्याने कूलंट पातळ होतं, आतून गंज धरतो. आणि भर उन्हात ताम्हिणी चढताना तापमानाचा काटा लालकडे गेला, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) उडालं, तर तो खर्च कोण देणार? प्रेशर टेस्टर लावा म्हणून तीनदा सांगितलं. इंजिन थंड असताना रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढा पंप मारायचा आणि टेस्टरचा काटा पडतो का, म्हणजे कुठे गळती आहे का, बघायचं. एवढंच काम!

शेवटी आज दुपारी मीच उसना आणून लावला. कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून टप्... टप्. सील गेलं की कळावं म्हणूनच ते भोक ठेवलेलं असतं. चार महिने तिकडे कुणी बघितलंसुद्धा नाही!