फेमफॅन, फॅनेट आणि सव्हानाची ली

'फेमफॅन', 'फॅनेट'. अमेरिका-इंग्लंडमधल्या विज्ञानकथावेड्यांच्या कंपूत १९४०-५०च्या सुमारास बाईसाठी असे शब्द होते. आता ते कुणी वापरत नाही, आणि मला त्याचं मनापासून बरं वाटतं.

मैत्रीण म्हणाली, "अगं, लाडाचे शब्द होते ते!" असतीलही. पण लाडाने हाक मारून कोपऱ्यात बसवतात, हे आपण घराघरांत पाहिलंय. या मंडळींनी 'मॅन'चं 'मेन' तसं 'फॅन'चं अनेकवचन 'फेन' केलं होतं. फॅन म्हणजे पुरुष, हे जणू व्याकरणातच ठरून गेलं. आपल्याकडे लेखिका, कवयित्री आहेतच की, असं कुणी म्हणेल. पण मराठीत खुर्चीलाही लिंग आहे. इंग्रजीत 'फॅन'ला नव्हतं, ते बाईपुरतं मुद्दाम चिकटवलं.

जॉर्जियातल्या सव्हानाची ली हॉफमन १९५०च्या अखेरीस 'क्वांड्री' नावाचं हौशी नियतकालिक काढू लागली. सायक्लोस्टाइल केलेल्यांना हे काम ठाऊक असेल. स्टेन्सिलवर टाइप करा, चूक झाली की करेक्शन फ्लुइड लावून वाळेपर्यंत थांबा, मग दांडा फिरवत एकेक पान काढा, बोटं शाईने काळी. अंक पोस्टाने दूरदूर जायचे, गाजायचे, आणि बहुतेक वाचक 'ली' हा पुरुषच धरून चालले होते. सप्टेंबर १९५१मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाला ती गेली, तेव्हा उलगडा झाला. वय १९! मला राहून राहून वाटतं, तिचं लिखाण निव्वळ लिखाण म्हणून वाचलं गेलं ते त्या आधीच्या महिन्यांतच.

इंग्लंडात नेमकं उलटं घडलं. १९५४ साली बायकांचं म्हणून 'फेमिझिन' हे हौशी नियतकालिक निघालं, संपादक जोन कार. १९५६मध्ये कळलं की ही जोन म्हणजे सँडी सँडरसन नावाचा ब्रिटिश सैनिक. बायकांनी विश्वासाने लिहिलं, आणि संपादकाच्या खुर्चीत पुरुष. लोक हा किस्सा गंमत म्हणून सांगतात. मला तो ऐकवत नाही.

पुढे एथेल लिंडसे या बाईंनी 'फेमिझिन' चालवलं. व्यवसायाने नर्स. १९६२ साली अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या फॅन मंडळींनी मतं देऊन, वर्गणीतून त्यांना शिकागोच्या संमेलनाला पाठवलं.