क्वेड कूपर: माज की दम? फोंड्याच्या गाड्यावर झालेलं भांडण

श्रावण लागायला आठवडाच उरलेला, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी रोस ऑम्लेटच्या गाड्यावर ही गर्दी, जो तो महिन्याभराचं खाऊन घेतोय. पाऊस नुकताच थांबला होता. आमचा कट्टा म्हणजे गाड्याच्या बाजूच्या बंद दुकानाच्या दोन पायऱ्या, त्या ओल्या, म्हणून सगळे उभेच. मास्तर होते, हायस्कुलात पीटी शिकवायचे, आता रिटायर. गोली होता, पंधरा वर्षं गावच्या टीमचा गोलकीपर, त्याचं खरं नाव आता त्याची आईपण वापरत नाही. तारवटी सुट्टीवर आलेला, क्रूझच्या बोटीवर असतो. मी होतो. आणि धाकटा होता, तो सहसा येत नाही, त्या दिवशी गोलीच्या स्कूटरवर मागे बसून आला.

गोव्यात, आमच्या फोंड्यात रग्बीवरून भांडण झालं म्हटलं तर कोणाला खरं वाटणार नाही, इथे फुटबॉल सोडून दुसरं काही चालत नाही. पण २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली तेव्हापासून गोलीला हे वेड लागलंय, फोनवर जुन्या मॅचेस बघत बसतो आणि आम्हालापण दाखवतो. त्या दिवशी त्याने सॉसच्या बाटलीला फोन टेकवून ऑस्ट्रेलियाकडून खेळलेल्या क्वेड कूपरची क्लिप लावली आणि तारवटी पाव तोंडात असतानाच बोलला, "ह्याला काढ रे पात्रांव, हा माजोरडा आहे."

झालं, तिथून सुरू.

तारवटी २०११ च्या वर्ल्ड कपला ऑकलंडमध्ये होता, बोट बंदरात लागलेली आणि ह्या लोकांना रात्री सुट्टी. तो सांगतो की अख्ख्या देशात त्या एका पोराचा राग होता. कूपर मूळचा न्यूझीलंडचा, टोकोरोआ नावाच्या छोट्या गावातला, लहानपणीच घरच्यांबरोबर ऑस्ट्रेलियाला गेला आणि पुढे खेळला ऑस्ट्रेलियाकडून. इथपर्यंत लोकांनी सोडलं असतं. पण वर्ल्ड कपच्या थोडं आधी, ऑगस्टमध्ये, ब्रिस्बेनच्या मॅचमध्ये ह्याचा गुडघा रिची मॅककॉच्या डोक्याला लागला, आणि मॅककॉ म्हणजे न्यूझीलंडचा कॅप्टन, तिकडे त्याला देवासारखं मानतात. मग काय, वर्ल्ड कपभर कूपरच्या हातात बॉल गेला की स्टेडियम ओरडायचं. सेमीफायनल ईडन पार्कवर, न्यूझीलंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया, आणि मॅचची पहिलीच किक, किकऑफ, कूपरने मारली ती थेट मैदानाबाहेर! बारमधले अनोळखी लोक मला मिठ्या मारायला लागले, तारवटी सांगत होता. ऑस्ट्रेलिया २०-६ ने हरली. पुढच्याच मॅचमध्ये, तिसऱ्या नंबरसाठी वेल्सशी होती, कूपरचा गुडघा गेला, लिगामेंट फाटलं.

"आणि तेव्हापण लोक खूश झाले?" धाकट्याने विचारलं. तारवटी थोडा थांबला. "काही झाले," म्हणाला.

गोली म्हणाला, मॅककॉच्या प्रकरणात चौकशी झाली आणि तो सुटला, हे का सांगत नाहीस? आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड रेड्सने न्यूझीलंडच्या क्रुसेडर्सना १८-१३ हरवून सुपर रग्बी ही मोठी लीग जिंकली तेव्हा १० नंबरला कोण होता? ते ब्रिस्बेनचे लोक आजपण त्याला डोक्यावर घेतात. तोच पोरगा, तेच वर्ष, समुद्राच्या ह्या बाजूला हिरो आणि त्या बाजूला खलनायक.

इथे मला मध्ये पडावं लागलं कारण मास्तरांना १० नंबर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. गोलीकडून जे शिकलो ते सांगतो. रग्बीत १० नंबरला फ्लायहाफ म्हणतात, घोळक्यातून बॉल सुटला की बहुतेक वेळा तो ह्याच्याकडे येतो, आणि समोरून शंभर शंभर किलोचे गडी धावत येत असतात, तेवढ्यात ह्याने ठरवायचं की पास द्यायचा, लांब किक मारायची की स्वतः घुसायचं. पुढच्या फळीतल्या आठ जणांतल्या एकाने चूक केली तर ती घोळक्यात कोणाला दिसतपण नाही. १० नंबरची चूक शेवटच्या रांगेत बसलेल्यालापण दिसते. आता कूपर काय करायचा, साधा पास द्यायच्या जागी पाठीमागून द्यायचा, सरळ जायचं तिथे दोनदा पाय बदलून समोरच्याला चुकवायचा, जमलं की बघणारा खुर्चीतून उठायचा आणि फसलं की समोरचा बॉल घेऊन पळायचा. टॅकलमध्ये तो कमी पडायचा म्हणून डिफेन्सला त्याला मागे उभा करायचे, त्यावरूनपण लोक चिडायचे की ह्याला फक्त नाचायला पाहिजे, मार खायला दुसरे.

मास्तर हे सगळं नीट ऐकत होते. मग म्हणाले, "माझं एवढंच म्हणणं आहे की टीम मोठी. तो ट्वीटचा काय प्रकार होता?"

तो प्रकार असा. २०१२ मध्ये कूपरने ट्विटरवर उघड लिहिलं की वॉलबीजच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या टीमच्या, कॅम्पमधलं वातावरण विषारी आहे. बोर्डाने ६०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड लावला. मग हा मधेच बॉक्सिंगला गेला, २०१३ च्या फेब्रुवारीत ब्रिस्बेनला एक फाइट लढला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश अँड आयरिश लायन्सची टीम, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या निवडक खेळाडूंची एकत्र टीम, बारा वर्षांनी ऑस्ट्रेलियात आली तेव्हा कोच रॉबी डीन्सने ह्याला घेतलाच नाही. ऑस्ट्रेलिया सिरीज २-१ ने हरली, शेवटची मॅच ४१-१६ ने.

"बघा," गोली म्हणाला.

"काय बघा?" मास्तर तापले. "घरातली भांडणं चव्हाट्यावर नेणाऱ्याला मीपण घेतला नसता. आमच्या जत्रेच्या नाटकात एक जण होता, प्रॉम्प्टरकडे ढुंकून बघायचा नाही, मनात येईल ते वाक्य घालायचा, समोरच्या बिचाऱ्याला कळायचं नाही आपण आता काय बोलायचं. प्रेक्षक टाळ्या वाजवायचे. पण त्या दुसऱ्या पोराचं काय?"

"आणि तरी तुम्ही दर वर्षी त्यालाच मेन रोल दिलात की मास्तर!" गोली म्हणाला.

मास्तर म्हणाले, "दिला. कारण तो नसला की लोक अर्ध्या नाटकात उठून चहाला जायचे." आणि गप्प झाले, गाडेवाल्याकडून अजून कांदा मागून घेतला.

मला वाटतं मास्तर इथे मनाविरुद्ध खरं बोलून गेले. ट्वीटची चूक चूकच, मी तिची बाजू घेणार नाही, तुझं दुखणं असेल तर कोचच्या तोंडावर बोल, तो त्या वेळी चोवीस वर्षांचा होता हे पण कारण होत नाही, चोवीसाव्या वर्षी माणसाला कळतं. पण पाठीमागून पास देणं आणि टीमबद्दल जाहीर वाईट बोलणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोकांनी दोन्ही एकाच पोत्यात भरल्या. एकदा "माजोरडा" असा शिक्का बसला की मग त्याचं हसणंपण माज, त्याचं गप्प बसणंपण माज. २०१८ मध्ये रेड्सचा नवीन कोच ब्रॅड थॉर्न आला, त्याने कूपरला टीममधून बाहेरच ठेवला, करार चालू, पगार चालू आणि देशाकडून सत्तर मॅचेस खेळलेला माणूस ब्रिस्बेनच्या लोकल क्लबमध्ये शनिवारी खेळतोय. तेव्हा हा क्लबच्या पोरांबरोबर खेळत राहिला. मग मेलबर्न, मग जपानला किंटेत्सु लायनर्स. बाहेरून एवढंच दिसलं. आतून काय बदललं ते त्याला माहीत, पण २०१२ चा तो पोरगा असा खेळत राहिला नसता.

गोलीने मग त्याची लाडकी क्लिप लावली. १२ सप्टेंबर २०२१, गोल्ड कोस्ट, समोर वर्ल्ड चॅम्पियन दक्षिण आफ्रिका. कूपर चार वर्षांनी परत, तेहतीस वर्षांचा, खरं तर त्याला कॅम्पमध्ये सरावाला मदत म्हणून बोलावलेला. त्याच वर्षी जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाने त्याचा नागरिकत्वाचा अर्ज पुन्हा एकदा नाकारला होता, सत्तर वेळा देशाची जर्सी घातली तरी! (नंतर नियम बदलले आणि त्याला मिळालं.) आफ्रिकेने त्या मॅचमध्ये तीन ट्राय केले, म्हणजे बॉल समोरच्याच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला, ऑस्ट्रेलियाने एक. बाकी सगळे पॉइंट कूपरच्या पायातून, सात पेनल्टी किक आणि एक कन्व्हर्जन (ट्रायनंतर मिळणारी किक), आठातल्या आठ, २३ पॉइंट. शेवटची पेनल्टी मिळाली तेव्हा ८० मिनिटं संपलेली आणि आफ्रिका २६-२५ ने पुढे.

क्लिप त्या किकवर आली तेव्हा गाड्यावरचे दोन अनोळखी लोकपण ताट हातात धरून बघायला आले. स्क्रीनला रश्शाचा एक थेंब लागलेला, गोलीने तो अंगठ्याने पुसला. बॉल ठेवून कूपर मागे चालत गेला. एवढं मोठं ग्राउंड आणि त्याच्या आसपास कोणी नाही. मला त्या क्षणी एकच वाटलं, हा माणूस आता स्वतःबद्दल शंका घेऊच शकत नाही, थोडी जरी घेतली तर गेलं. ज्याला आपण इतकी वर्षं माज म्हणतोय तो त्याच्या पोटात नसता तर ही किक मारायला तो पुढे आलाच नसता. बॉल खांबांच्या मधून गेला, २८-२६.

"आवडतो की नाही आता?" गोलीने विचारलं.

"किक आवडली," तारवटी म्हणाला. "हा नाही. मॅककॉचं मी विसरणार नाही." आणि मला त्याचं ते पटलं नाही पण त्याचा रागपण आला नाही, त्या रात्री ऑकलंडमध्ये तो होता, मी नव्हतो.

मास्तर म्हणाले, "मग २०२३ च्या वर्ल्ड कपला ह्याला का नाही नेला?" तेव्हाचा कोच एडी जोन्सने तरुण पोरं नेली, कूपरला वगळला. ऑस्ट्रेलिया वेल्सशी ४०-६ हरली आणि वर्ल्ड कपच्या इतिहासात पहिल्यांदाच गटातूनच घरी गेली. मास्तर थोडा वेळ फोनकडे बघत राहिले. "नेला असता तर जिंकले असते असं काही नाही," म्हणाले, पण आवाज मघासारखा नव्हता.

धाकटा ह्या सगळ्यात जवळजवळ काहीच बोलला नव्हता. आता त्याचं सांगायला पाहिजे. तीन पावसाळ्यांपूर्वी तो आमच्या गावच्या टीममध्ये विंगला खेळायचा, मी कमिटीवर होतो. पोरगा अप्रतिम. डाव्या टाचेने बॉल मागे सोडायचा आणि डिफेंडर रिकाम्या जागेवर पाय मारत राहायचा. एका सेमीफायनलमध्ये त्याने आमच्याच बॉक्सजवळ ती टाच मारली, समोरच्याने बॉल उचलला, गोल, आम्ही बाहेर. पुढच्या सीझनला यादीत त्याचं नाव नव्हतं. कमिटीत सगळे म्हणाले पोराला हवा लागलीय, टीममध्ये नको. हात वर करणाऱ्यांत मी होतो. त्याला मेसेज गेला, ग्रुपवर, नवीन यादी म्हणून. त्यानंतर तो आम्हाला रस्त्यात दिसला तर हात करायचा, पण मैदानावर आला नाही.

गर्दी कमी झाली, पाऊस परत बारीक सुरू झाला. गोली आणि तारवटी गेले. धाकट्याला माझ्या स्कूटरवर घेतला, फर्मागुढीच्या चढावर गाडी हळू झाली तेव्हा मी म्हटलं, "त्या वेळी मीपण हात वर केला होता, तुला तोंडावर येऊन सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं, माझं चुकलं."

मागून बराच वेळ काही आवाज आला नाही. रेनकोटवर पाणी वाजत होतं.

मग म्हणाला, "टाच चुकली म्हणून काढलं असतंत तर चाललं असतं दादा. ती चुकलीच होती. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की मला माज आलाय. मी त्या मॅचनंतर घरी जाऊन जेवलोपण नव्हतो."

त्याच्या दारात सोडला. उतरताना म्हणाला, गोलीला सांगा ती किक पाठवायला.