'व'ला टाके

"या 'व'ला टाके का घातलेत?" खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, तेव्हा पाटी त्यांच्या हातात पडून अर्धा मिनिटही झालं नव्हतं.

कपाटाच्या कामातून उरलेले देवदारचे तुकडे, एवढंच माझं भांडवल. गॅलरीत स्क्रोल सॉ (बारीक पात्याची, नक्षी कापायची विजेची करवत) सुरू झाला की वास जिन्यात उतरतो आणि वासामागून काका वर चढतात.

"चंदन का हो?"

"देवदार."

"उरलेलं ना? म्हणजे फुकटच." मग मागणी. सदाशिव पेठेला शोभेल अशी पाटी, अक्षरं आरपार: 'घंटा एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.' "पाच मिनिटांचं काम!"

'वाजवावी' आरपार कापून बघा एकदा. तीन 'व', तिघांची पोटं बंद. कापलं की पोट गळून थेट भुशात. ते धरून ठेवायला दोन-दोन मिलिमीटरचे पूल सोडावे लागतात. हेच ते टाके! शिवाय वरची शिरोरेषाही कापलेली, म्हणून दोन उभ्या दांड्यांमधली लाकडाची जीभ फक्त खालून धरलेली. लाकडाच्या रेषा आडव्या असतील तर सँडपेपर लावतानाच कटकन मोडते. रेषा उभ्या ठेवाव्यात, तर तुकडा रुंदीला जेमतेम ६ इंच. म्हणून मजकूर चार ओळींत. ("एका ओळीत बसलं नसतं का?" बसलं असतं काका, लाकूड विकत आणलं असतं तर.) प्रत्येक शब्दाला २ मिलिमीटरचं भोक पाडायचं, पातं सोडायचं, ओवायचं, पुन्हा ताणायचं. 'घंटा'वरच्या अनुस्वारासाठी हे सगळं वेगळं. पूर्णविरामांचंही तेच, आणि काकांना दोन्ही हवेत.

देवदार नरम म्हणतात, पण फिकट पट्ट्यात पातं सुसाट जातं आणि गडद रेषेवर अडून बाजूला सरकतं. तिथे ढकललंत की कान्याला पोक आलंच. १२ मिलिमीटर जाडीला ५ नंबरचं, खालचे काही दात उलटे असलेलं पातं घ्या, म्हणजे मागच्या बाजूला काड्या कमी निघतात. वरून खोक्याची चिकटपट्टी लावा, लाकूड कमी करपतं. मास्क हवाच. लाकूड तेलकट, म्हणून आधी लाखेच्या पॉलिशचा हात. एवढं करूनही फुकटच्या लाकडात चार पाती तुटली. ती फुकट मिळत नाहीत, हे सांगायला तोंड उघडलं, तर काका म्हणाले, "वेलांटी जरा बुटकी वाटते."

पाटी द्यायला गेलो तेव्हा घंटा तीनदा वाजवावी लागली होती.